अक्का, आपलं विजेचं भांडण

अक्का,

तू गेलीस त्याला तीन आठवडे झाले. मी कामावर रुजू झालोय. लोक भेटायला येतात, "मोठी बहीण ना?" म्हणतात. मी हो म्हणतो. पुढे काय बोलायचं ते त्यांनाही कळत नाही आणि मलाही. तुझ्याविषयी काही सांगायला गेलो की गोष्ट फिरून आपल्या भांडणावर येते. बहीण गेल्यावर तिच्याशी केलेली भांडणं सांगत बसणारा माणूस बरा दिसत नाही. म्हणून तुलाच सांगतो.

शाळेने वर्तमानपत्रात द्यायला तुझी माहिती मागितली होती. जन्म, शिक्षण, नोकरी कुठे कुठे झाली. मी लिहून दिली. वाचून पाहिली तर त्यात तू कुठेच नव्हतीस.

रशियातली अणुभट्टी फुटल्याची बातमी रेडिओवर आली तो मे महिना मला अजून लख्ख आठवतो. तू तेव्हा एरंडोलला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचीस. मी सुट्टीवर तुझ्याकडे आलो होतो. समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रात मला नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती, तरी आपल्या वस्तीत मी अजून 'अणुवाला सुभाष' होतो. जळगावच्या तेलगिरणीत पोती वाहून पाठ गेलेले आपले बाबा, आल्यागेल्याला माझ्या ओळखपत्राची जुनी प्रत दाखवायचे. त्या ओळखपत्रामागे तू होतीस. नववीत मी गणितात नापास झालो तेव्हा तूच मला रोज पहाटे उठवून बसवलंस, उदाहरण सुटेपर्यंत चहा दिला नाहीस.

त्या दिवशी गावात रॉकेल नव्हतं, म्हणून तू चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. जेवणं झाली. तू चुलीतली राख घमेल्यात ओढत होतीस आणि मी तुला समजावत होतो की आमची भट्टी वेगळ्या जातीची आहे, तसं आमच्याकडे होणार नाही. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस,

"सुभ्या, तुमच्या भट्टीची राख कुठे टाकता रे?"

"राख नसते अक्का. तिथे काही जळत नाही."

"काहीतरी उरत असेल ना?"

"उरतं. वापरलेलं इंधन उरतं. ते पाण्याच्या खोल टाक्यांत ठेवतात. पुढे त्यातलं घातक असतं ते काचेत मिसळायचं, पोलादी पिंपात बंद करायचं आणि जमिनीत खोल पुरायचं."

"किती दिवस?"

मला हसू आलं. "दिवस? हजारो वर्षं."

तू घमेलं उचललं होतंस ते पुन्हा खाली ठेवलंस. "आणि तितकी वर्षं त्याची राखण कोण करणार?"

"सरकार करेल."

"कोणतं?"

मग मी जे केलं ते उत्तर न येणारी माणसं करतात. आवाज चढवला. तुला किरणोत्सर्गातलं काय कळतं, तू मुलींना पानाफुलांच्या आकृत्या काढायला शिकवणारी, असं काहीतरी बोललो. तू राख परसात नेऊन भेंडीच्या वाफ्यात टाकलीस आणि हात धुऊन आलीस. "चिडू नकोस. मला खरंच माहीत नाही म्हणून विचारलं," म्हणालीस.

पुढे कितीतरी वर्षं आपण भेटलो की हे भांडण व्हायचं. बायको म्हणून माझी बाजू न घेता कुसुम म्हणायची, तुम्ही दोघं जेवायच्या आधी भांडून घ्या, म्हणजे अन्न गोड लागेल.

नंतर तू पिंपळनेरच्या पुढे, पठारावरच्या मुलींच्या वसतिगृहावर बदली मागून घेतलीस. सगळे ज्या गावाहून बदली मागतात तिथे तू आपणहून गेलीस. तिथे विजेचे खांब होते, तारा होत्या, आणि वीज मनात येईल तेव्हा यायची. आली तरी दाब इतका कमी की विहिरीवरची मोटर दर उन्हाळ्यात जळायची. मग मुली सकाळ-संध्याकाळ उतारावरच्या विहिरीतून पाणी भरायच्या. पहिल्या तासाला अर्ध्या मुली पेंगायच्या, तुझं पत्र आलं होतं तसं. त्याच पत्रात शेवटी होतं, "इथे वारा मात्र भरपूर आहे. ओढणी अंगावर राहत नाही."

कुठल्याशा संस्थेने चाचणीसाठी दिलेली पाणी उपसायची पवनचक्की तू मिळवलीस. त्यासाठी किती कार्यालयांच्या पायऱ्या चढलीस ते तू कधी सांगितलं नाहीस. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती बंद होती. वर पाती गरगर फिरत होती आणि खाली नळातून थेंब येत नव्हता. मला मनातून बरं वाटलं. हे आता लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

"बघ," मी म्हणालो, "वाऱ्यावर भरवसा."

"वारा आहे की. पंपात काहीतरी बिघडलंय. तू मोठा तंत्रज्ञ ना? उघड."

पिंपळनेरहून युसूफभाई आले. जळालेल्या मोटरी भरून देणारे, पान खाऊन ओठ लाल झालेले, तुला 'बाई' म्हणणारे. आम्ही दोघांनी मिळून विहिरीतले पाइप एकेक करून वर काढले. दट्ट्याचा चामड्याचा वायसर झिजून चिंधी झाला होता. मी म्हणालो, आता हा भाग मागवावा लागेल, महिना जाईल. युसूफभाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"साहेब, मोटर जळनी ते धुळं गाठनं पडस. हाई ते अठेच व्हई जास. चामडाना तुकडा कापा, बसाडा, व्हयनं."

म्हणजे धुळ्याला जायची गरजच नव्हती. गावात कुणाकडे तरी जुनी मोट पडून होती. तिचं चामडं त्यांनी गोल कापलं, तेलात भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वारा सुटला. आधी नळाने हवा फुंकली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. वर्गातल्या मुली खिडक्यांना लोंबकळल्या. तू त्यांना ओरडली नाहीस. मी इतकी वर्षं वीज करणाऱ्या कारखान्यात काम करत होतो, पण मी हात लावलेल्या यंत्रामुळे कुणाचा तरी हंडा भरताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हे तुला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "खेळणं बरंय."

एका पावसाळ्यात तुझं पोस्टकार्ड आलं. पाठ झालंय मला. "आमच्याकडे अपघात झाला. वादळात एक पातं निघालं आणि न्हाणीघराची कौलं फुटली. आत कुणी नव्हतं. सगळ्या गावाने पाहिलं. युसूफभाईंनी गुरुवारी पातं बसवलं, कौलं मी शाकारून घेतली. कुशल कळवावे." मी ते पोस्टकार्ड जेवणाच्या सुट्टीत मित्रांना वाचून दाखवलं. सगळे हसले. एकजण, वयाने मोठा, हसला नाही. तो म्हणाला, "सुभाषराव, आपल्याला असं पोस्टकार्ड लिहिता येईल का?" मी विषय बदलला.

आपलं सगळ्यात मोठं भांडण दिवाळीच्या सुट्टीतलं. पठारावर वारा पडला होता. चक्की दोन दिवस ढिम्म उभी आणि टाकी तळाला गेलेली. मी तोच मुहूर्त गाठला.

"आता काय करशील? आणि तुझं जाऊ दे. जळगावचे पाइपांचे कारखाने, सुतगिरण्या, चोपड्याच्या केळीचे पंप, हे सगळं तुझ्या चक्कीवर चालणार? देशाला वीज लागते अक्का, हंडाभर पाणी नाही. मग कोळसा जाळायचा का? त्याचा धूर चालतो तुला?"

"नाही चालत," तू म्हणालीस. "कोळसा वाईट आहे म्हणून भट्टी चांगली कशी झाली? आणि एकट्या वाऱ्यावर चालेल असं मी म्हटलंच नाही. वारा पडतो तेव्हा ऊन असतं. आपल्या खानदेशात उन्हाची काय कमी आहे? शेण आहे, उसाची चिपाडं आहेत, पावसाळ्यात पाणी आहे. एकाने दगा दिला तर दुसरं."

"हे सगळं शाळेच्या प्रदर्शनात ठीक आहे."

"प्रदर्शनातच राहिलं, कारण तुम्ही ते बाहेर येऊ दिलं नाहीत. हुशार पोरं सगळी तुमच्या भट्टीकडे नेलीत. माझा भाऊसुद्धा नेलात. त्यातली थोडी पोरं पंचवीस-तीस वर्षं या वाऱ्यामागे, उन्हामागे लावा, मग मला सांगा जमतं की नाही."

आम्ही मूठभर इंधनात डोंगराएवढ्या कोळशाचं काम करतो, असं मोठ्याने म्हणालो.

तू थकलेली दिसत होतीस. मुलींच्या वहीत डोकं घालून तपासत बसलीस आणि वर न बघता म्हणालीस, "सुभ्या, माणूस आहे म्हणजे चूक होणारच. माझ्या मुली करतात, मी करते, युसूफभाई करतात. मला एवढंच वाटतं की आपण असं यंत्र करावं, ज्याची चूक आपल्याला निस्तरता येईल. तुमच्याकडची चूक, होऊ नये, पण झाली, तर कोण निस्तरणार? आणि आम्हाला ती सांगणार तरी कोण?"

मी म्हणालो, "आमच्याकडे चूक होत नाही."

त्यानंतर सव्वा वर्षाने झाली. मोठी नाही. पेपरात येण्यासारखी नाही. दुरुस्तीसाठी भट्टी बंद होती, मी आणि आणखी दोघं एका झडपेचं काम करत होतो. जोड सुटला आणि आतलं पाणी माझ्या खांद्यावरून, मानेवरून आलं. पोशाख शिवणीत फाटलेला होता हे कुणी पाहिलं नव्हतं, मीही नाही. मग मला धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं, यंत्र लावून बघितलं, पुन्हा धुतलं. मान सोलवटली. कपडे, चपला, घड्याळाचा पट्टा, सगळं काढून घेतलं. छातीला लावायचा जो बिल्ला असतो, ज्यावर अंगावर किती किरणं पडली त्याची नोंद होते, तो तपासायला नेला. मी दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट आणि आखूड पँट घालून घरी गेलो. कुसुमने दार उघडलं आणि शर्टाकडे बघत राहिली.

साहेब चांगले होते. म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, वर्षभर आत जायचं नाही, तपासण्या करत राहायच्या. आणि बाहेर बोलायचं नाही, लोक उगाच घाबरतात. मी मान हलवली. मला कुणी धमकावलं नाही अक्का. मीच गप्प बसलो. तुला सांगायचं म्हणजे तू बरोबर होतीस असं सांगावं लागलं असतं, आणि बाबा गेले तरी मला अजून त्यांच्या हातातलं ते ओळखपत्र व्हायचं होतं.

अपघातानंतरच्या मे महिन्यात पठारावर आलो तेव्हा तू विचारलंस, "काम कसं चाललंय?"

"आता कार्यालयात बसवलंय. बढतीच म्हण."

"बरं झालं," तू म्हणालीस. त्या सुट्टीत तू विजेचा विषय काढला नाहीस. पुढच्याही नाही. मीच डिवचायला जायचो, तू हसून मुलींच्या गोष्टी सांगायचीस. मला वाटलं, तू दमलीस. मला वाटलं, मी जिंकलो.

मग तुझं हृदय थकलं. धुळ्याच्या दवाखान्यात तुझ्याजवळ मी चार दिवस होतो. चार दिवसांत सांगता आलं असतं. दुपारी वॉर्डात शांत असायचं, तू जागी असायचीस, माझा हात हातात घेऊन त्यावरून बोटं फिरवत पडून राहायचीस. दोनदा मी तोंड उघडलं. एकदा परिचारिका आली. दुसऱ्यांदा कुणीच आलं नाही, आणि तरीही मी "पाणी हवंय का?" एवढंच विचारलं.

तुझ्या आठवणीचं पुण्यानुमोदन पठारावरच करायचं असं मुलींनीच ठरवलं होतं. वंदना झाली, जेवणं झाली, आणि मग वसतिगृहाच्या समितीचे नाना मला बाजूला घेऊन बसले. भोवती युसूफभाई, स्वयंपाकाच्या जिरूबाई, गावातली काही माणसं. बातमी अशी होती की नवीन विजेची लाइन मंजूर झाली होती, मोटर मिळणार होती. बाई गेल्या, आता चक्की कोण बघणार? लोखंड विकून टाकावं असं काहींचं म्हणणं.

नाना म्हणाले, "तुम्ही मोठला ठिकाने काम करतस, साहेब. तुम्हीच सांगा, काय करानं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अणुवाला साहेब, तो विजेच्याच बाजूने बोलणार. मला भाषण करायचं नव्हतं. दोन दिवस मी झोपलो नव्हतो. बसल्याबसल्याच बोललो. वीज घ्या म्हणालो, ती तुमच्या हक्काची आहे, मुलींना अभ्यासाला दिवा हवा. पण चक्की काढू नका. ही बिघडली तर तुम्हाला दिसते, युसूफभाईंना दुरुस्त करता येते, आणि ती मागे असं काही ठेवत नाही ज्याला या मुलींच्या नातवंडांनी भ्यावं. मी जिथे काम करतो तिथे तसं नाही.

"कसं काय?" जिरूबाईंनी विचारलं.

मग मी सांगितलं. झडप, पाणी, मान, दुसऱ्याचा शर्ट. तुला जे चार दिवसांत सांगता आलं नाही ते अंगणात सतरंजीवर बसून दहा-बारा माणसांना पाच मिनिटांत सांगून टाकलं. युसूफभाईंनी तोंडातलं पान थुंकून टाकलं आणि म्हणाले, "चक्की मी देखसु. काढानी नही." नानांनी मान हलवली. एवढ्यावर ते ठरलं.

परतताना धुळ्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. मी कुसुमला म्हणालो, "सगळ्यांना सांगितलं. अक्कालाच तेवढं सांगायचं राहिलं."

कुसुम पिशवीच्या बंदाशी खेळत होती. मग म्हणाली, "त्यांना माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

"मी. त्याच आठवड्यात पत्र टाकलं. मी एकटी काय करणार होते? मला भीती वाटत होती."

घरी आल्यावर तिने लुगड्यांच्या तळाशी ठेवलेलं तुझं पत्र काढून दिलं. तुझं सरळ, फळ्यावरचं अक्षर. "कुसुम, मला कळलंय हे सुभाषला सांगू नकोस. त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल. आमचा वाद विजेचा आहे, त्यात त्याच्या अंगावर बेतलेलं मी कधी काढणार नाही, नाहीतर तो माझ्याकडे यायचा थांबेल. तू त्याला एकही तपासणी चुकवू देऊ नकोस. आणि दर वेळी मला दोन ओळी लिही."

तर हे असं होतं. त्यापुढची सगळी वर्षं मी समोर बसून तुला डिवचत राहिलो, आणि मला गप्प करायला एक वाक्य पुरेसं असताना तू ते वाक्य गिळून मला भाकरी वाढत होतीस. मी हे पुन्हा पुन्हा मनात फिरवतो अक्का, आणि दमून जातो. राग येतो तुझा. तू एकदा बोलली असतीस तर मी सुटलो असतो. मग वाटतं, सुटलो असतो की पळालो असतो, हे तुलाच जास्त माहीत होतं.

तू बरोबर होतीस. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत, तोवर मी इथेच राहणार. सोडून जाण्याएवढं बळ माझ्यात नाही, आणि खोटं कशाला सांगू? पण गावोगाव जाऊन आमचं केंद्र किती निर्धोक आहे ते सांगायचं काम माझ्याकडे होतं, ते मी करणार नाही असं लिहून दिलंय. साहेबांनी कागद वाचून त्याची घडी घातली आणि तो खणात ठेवला. बघू.

परवा माझ्या तपासणीचा कागद आला. कुसुमने तो वाचला, सवयीने कपाटातून अंतर्देशीय पत्र काढलं, वर पठाराचा पत्ता लिहिला, आणि मग पेन तसंच हातात धरून बसली. मी ते पत्र तिच्याकडून घेतलं.

अक्का, तपासणी झाली. सगळं ठीक आहे.

तुझा,
सुभ्या